घराजवळच्या झाडावरचा हिरवट वटवट्या: ऐकायचा कसा, ओळखायचा कसा आणि सात महिने त्याच्या मागावर राहायचं कसं

पुण्यात पक्षी बघायला नव्यानं लागलेले लोक पहिला प्रश्न विचारतात तो "कुठे जाऊ?" पाषाण तलाव, सिंहगडची व्हॅली, वेताळ टेकडी, भिगवण ही नावं त्यांनी आधीच ऐकलेली असतात. मी सांगते की जा, सगळीकडे जा, पण त्याच्या आधी सप्टेंबरच्या शेवटी आठवडाभर रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं स्वतःच्या गॅलरीत नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहा, जिथून एखादं मोठं हिरवं झाड दिसतं तिथे, आणि फक्त ऐका. वरून पानांतून कुठूनतरी एक बारीक, टोकदार, दोन तुकड्यांचा आवाज येईल, "चि-स्वी", मग थोडं थांबून परत "चि-स्वी". तो आला की समजायचं, रशियातल्या नाहीतर मध्य आशियाच्या डोंगरातल्या जंगलातून निघालेला पाहुणा आपल्या झाडावर उतरलाय आणि आता एप्रिलपर्यंत त्याचा मुक्काम इथेच.

मराठीत याला हिरवट वटवट्या किंवा हिरवट पर्णवटवट्या म्हणतात, इंग्रजीत ग्रीनिश वॉर्बलर, आणि बर्डिंगवाले आपसात बोलताना नुसतं ग्रीनिश. नावाचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. वटवट्या हे नाव आपल्याकडे दोन वेगळ्या जातकुळीच्या पक्ष्यांना लावतात. एक तो बारा महिने इथेच राहणारा राखी वटवट्या, लांब शेपटीचा, कुंपणाच्या मेंदीत शेपटी उभारून फिरणारा. आणि दुसरे हे हिवाळ्यात येणारे, पानापानांत हिंडणारे, म्हणून पर्णवटवटे. शास्त्रीय नाव फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडिस, त्यातल्या फायलोस्कोपसचा ग्रीकमधला अर्थ साधारण पानं धुंडाळणारा असा होतो आणि हा पक्षी दिवसभर खरंच तेवढंच करतो, पानाच्या वर, पानाच्या खाली, देठापाशी, किडे, कोळी, बारीक अळ्या टिपत राहतो, एका जागी दोन सेकंद टिकत नाही.

आकाराचा अंदाज यायला एक गोष्ट करून बघा. दहा रुपयांचं नाणं तळहातावर घ्या. ते ७.७ ग्रॅमचं असतं. हा पक्षी साधारण ८ ग्रॅमचा. लांबी दहा-अकरा सेंटीमीटर, त्यात शेपटी आली. तेवढ्या वजनाचा जीव रात्रीच्या रात्री उडत हजारो किलोमीटर येतो आणि तेवढंच अंतर परत जातो. मी पहिल्यांदा ते नाणं हातात घेऊन उभी राहिले तेव्हा बराच वेळ काही बोलले नव्हते.

आधी कान, मग दुर्बीण

माझे पहिले दोन हिवाळे दुर्बिणीने शोधण्यात गेले आणि हाती फारसं काही लागलं नाही, कारण हा राहतो झाडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, रंग पानासारखाच आणि स्थिर म्हणून राहत नाही. तिसऱ्या वर्षी एका जाणत्या काकांनी टेकडीवर सांगितलं, "अगं, दुर्बीण पिशवीत ठेव, आधी त्याचा आवाज पाठ कर." त्या एका वाक्यानं सगळं बदललं. बाकीचे बरेच पाहुणे पक्षी हिवाळ्यात तसे गप्प असतात, हा मात्र दिवसभर बोलतो, सकाळी जास्त, दुपारी कमी, पण बोलतो. का बोलतो ते पुढे येईलच.

आवाज पाठ कसा करायचा? झेनो-कँटो या वेबसाइटवर जगभरातले पक्ष्यांचे कॉल, म्हणजे रोजच्या छोट्या हाका, फुकट ऐकता येतात, तिथे शास्त्रीय नाव टाकून भारतातले, हिवाळ्यातले रेकॉर्डिंग निवडा, गाणं नको, कॉल घ्या, आणि घरी हेडफोन लावून चार-पाच दिवस ऐका. मर्लिन ॲपमध्ये आवाजावरून नाव सुचवायची सोय आहे, तीही वापरा, पण ॲपने नाव दाखवलं म्हणजे झालं असं समजू नका. ते सुचवतं, ठरवायचं आपण. विशेषतः एक गल्लत नेहमीची आहे. पांढरा धोबी हा पक्षी उडत जाताना जे "चिझिक" करतो ते याच्या कॉलच्या इतकं जवळ आहे की अनुभवी माणूसही क्षणभर अडकतो. फरक जागेचा धरा, धोबी डोक्यावरून उडत जाताना किंवा मोकळ्या मैदानात, नदीकाठी, गच्चीवर बोलतो आणि आवाज पुढे पुढे सरकतो, ग्रीनिशचा आवाज पानांच्या आतून येतो आणि त्याच झाडातून परत येतो.

सोसायटीतले बाकीचे आवाजही वेगळे काढायला हवेत. शिंपी पक्षी त्याच्या आकाराच्या मानानं फार मोठ्यानं आणि एकसारखं ओरडतो, "टुविट टुविट टुविट", थांबतच नाही. चष्मेवाले घोळक्यानं येतात आणि त्यांचा आवाज मऊ, किरकिरल्यासारखा असतो. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी एकेरी, थोडं ताणून चिरकतो. ग्रीनिशच्या कॉलला मधे एक घडी असते, पहिला तुकडा छोटा, दुसरा वर चढणारा. ती घडी एकदा कानात बसली की मग रिक्षाच्या आवाजातसुद्धा ऐकू येते, मला कर्वे रोडच्या सिग्नलला थांबल्यावर ऐकू आलेला आहे.

वरच्या मजल्यावरच्या आजींना पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं, पण एकदा गॅलरीत मी कान लावून उभी होते तर त्या म्हणाल्या, "ते बारीक शिटी मारणारं ना? ते आलं की मी लोकरीचे कपडे उन्हात टाकते." म्हणजे त्या वर्षानुवर्षं हे ऐकत होत्या. तुमच्याही घरात कुणीतरी ऐकत असेल, विचारून बघा.

आता डोळे

आवाज कुठल्या फांदीतून येतोय ते नक्की झालं की दुर्बीण काढा. ८ बाय ४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण या कामाला उत्तम, कारण जवळच्या झाडात सारखा हलणारा पक्षी धरायला रुंद दृश्य लागतं, नुसती जास्त पॉवर घेतली तर पक्षी चौकटीतून सुटतो. नजर फांदीवर ठेवायची आणि डोळे न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची, पान हललं तिकडे. मान वर करून करून दुखते, म्हणून जमलं तर वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून किंवा जिन्याच्या खिडकीतून झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर येऊन बघा. उंच इमारतीत राहणाऱ्यांना ही एक गोष्ट जंगलात मिळत नाही ती मिळते.

काय बघायचं: पाठ हिरवट-राखाडी, पोट मळकट पांढरं. डोळ्यावर लांब पिवळट-पांढरी भुवई, चोचीच्या मुळापासून निघून डोळ्याच्या बरीच मागेपर्यंत गेलेली, आणि तिच्या खाली डोळ्यातून जाणारी गडद रेघ. पंखावर एकच बारीक फिकट पट्टा. खालची चोच फिकट, जरा नारिंगी झाक असलेली. नर-मादी सारखेच दिसतात. पंखावरच्या पट्ट्याबद्दल मात्र सावध राहा, पिसं झिजली की तो जवळजवळ पुसला जातो, तेव्हा पट्टा दिसला नाही म्हणून हा ग्रीनिश नाही असा निकाल देऊ नका. भुवई आणि आवाज या दोनवर ठरवा.

याच्यासारखे दिसणारे भाऊबंद पुण्यात आणखी आहेत आणि इथेच नवीन माणूस वैतागतो. ह्यूम्स वॉर्बलरला पंखावर दोन पट्टे असतात, अंगाने तो याच्याहून थोडा लहान आणि मळकट, कॉल वेगळा. चिफचॅफ तपकिरी, पाय आणि चोच काळी, पट्टा नाहीच, आणि तो पाण्याकाठच्या झुडपात, गवतात जास्त दिसतो, पाषाणला बघा. सल्फर-बेलीड वॉर्बलर म्हणजे गंधकासारख्या पिवळ्या पोटाचा, तो तर खडकावर आणि झाडाच्या बुंध्यावर खारीसारखा सरकत फिरतो, वेताळ टेकडीच्या खाणीच्या कडेला थंडीत अर्धा तास बसलात तर भेटायची चांगली शक्यता. ताम्हिणी, मुळशीकडच्या दाट जंगलात गेलात की वेस्टर्न क्राउन्ड आणि लार्ज-बिल्ड हे अंगाने थोडे मोठे भाऊ येतात. पण शहरातल्या मोठ्या झाडावर, उंचावर, दिवसभर "चि-स्वी" करणारा बहुतेक वेळा ग्रीनिशच. ज्याच्याबद्दल खात्री नाही त्याच्यापुढे "पर्णवटवट्या, जात नक्की नाही" असं सरळ लिहा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरसुद्धा तशी नोंद करायची सोय आहे आणि ती नोंद चुकीच्या नावापेक्षा शंभर पटीनं कामाची.

एकच झाड धरा

हा माझ्या सांगण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक स्थलांतरित पक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थवे येतात, उजनीवरचे रोहित, शेतावरच्या पळस मैनांचे ढग. हा तसा नाही. हिवाळ्यात प्रत्येक ग्रीनिश एकटा राहतो आणि स्वतःची हद्द आखून राहतो. नरही, मादीही, प्रत्येकाची आपली वेगळी हद्द. पक्षी-अभ्यासक ट्रेव्हर प्राइस यांनी दक्षिण भारतात हे अभ्यासलं, त्यांचा या पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामावरचा शोधनिबंध १९८१चा आहे, आणि पुढे मधुसूदन कट्टी आणि प्राइस यांनी तामिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराईच्या जंगलात याच पक्ष्यावर काम केलं. त्यातून दिसलेली गोष्ट अशी की हा सगळा हिवाळा त्या हद्दीतली झाडं राखतो, शेजाऱ्याला हाकलतो, आणि पुढच्या वर्षी परत त्याच जागी येतो. दिवसभराचं ते "चि-स्वी" म्हणजे शेजाऱ्याला दिलेली सूचना आहे, इथे मी आहे, पलीकडेच थांब.

आता हे डोक्यात ठेवून आपल्या गल्लीकडे बघा. पुण्याला आलेला पक्षी सप्टेंबरअखेर येतो आणि एप्रिलच्या उत्तरार्धात जातो, म्हणजे जवळजवळ सात महिने. उत्तरेत त्याचं घरटं करायचं काम दोन-तीन महिन्यांचं, बाकी वेळ प्रवासात. वर्षाचा सगळ्यात मोठा तुकडा तो तुमच्या रेनट्रीवर घालवतो. मला त्याला पाहुणा म्हणणं म्हणूनच आता फारसं पटत नाही, सवयीनं म्हणते इतकंच.

झाड निवडताना हिवाळाभर पानं टिकवणारं निवडा. आंबा, वड, करंज, रेनट्री चांगले. करंजाची पानं तर किड्यांनी आणि गाठींनी भरलेली असतात, आपण म्हणतो झाड खराब झालं, याच्या दृष्टीने ते भरलेलं ताट आहे. टेकडीवरची पानगळीची झाडं जानेवारी-फेब्रुवारीत उघडी पडतात, तेव्हा तिथला आवाज कमी होतो आणि नाल्याकाठच्या, बागेतल्या हिरव्या झाडांवर वाढतो, हे मी दरवर्षी ऐकते. घराजवळ झाड नसेल तर एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचा परिसर, किंवा गणेशखिंड रस्त्यावर उरलेले जुने वड, यातलं जाण्यायेण्याच्या वाटेवरचं एक धरा. लांबचं निवडलंत तर तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं.

मग एक साधा नकाशा काढा, कागदावर, पेन्सिलनं. इमारत, रस्ता, झाडं, बस. जिथून कॉल आला तिथे टिंब, बाजूला तारीख. महिन्याभरात टिंबं आपोआप दोन-तीन पुंजक्यांत गोळा व्हायला लागतात आणि त्यांच्या मधे रिकामी पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजे हद्द. आमच्याकडे ती पार्किंगच्या पत्र्याच्या शेडवरून जाते, शेडच्या अलीकडचा रेनट्री एकाचा आणि पलीकडच्या बंगल्यातले दोन आंबे दुसऱ्याचे. ऑक्टोबरमध्ये तिथे जोरात पाठलाग चालतात, दोघं एकमेकांच्या मागे पानांतून सूं करून जातात, कॉल भराभर होतात, नंतर नोव्हेंबरपासून प्रकरण शांत होतं आणि नुसता आवाजाचा पहारा उरतो. पाठलाग दिसला तर वेळ लिहाच, कोण कुणाला कुठपर्यंत हाकललं तेही.

आता एक प्रामाणिक गोष्ट. पायात कडी घातल्याशिवाय गेल्या वर्षीचाच पक्षी यंदा आलाय असं आपण छातीठोक सांगू शकत नाही, आणि कडी घालायचं काम परवानगी असलेल्या अभ्यासकांचं, आपलं नाही. आपण एवढं लिहू शकतो की त्याच झाडावर, त्याच हद्दीत, सलग इतकी वर्षं पक्षी आहे. माझ्या वहीत त्या रेनट्रीवर सलग सहा हिवाळे नोंद आहे. मनातल्या मनात मी त्याला तोच समजते, वहीत मात्र तसं लिहीत नाही.

वहीत काय काय लिहायचं? तारीख, वेळ, किती मिनिटं ऐकलं, कॉल आला का, कुठून आला, काही वेगळं दिसलं का. ऐकून काहीच आलं नाही तर "नाही" असं लिहायचं, ते विसरू नका. रिकामा दिवस आणि न बघितलेला दिवस यातला फरक नंतर कळत नाही. जमलं तर हीच नोंद ई-बर्डवर पंधरा मिनिटांची यादी म्हणून टाका, सगळे पक्षी, कावळे-कबुतरांसकट. फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, त्यात मुलांना घेऊन भाग घ्या, त्यांना कॉल आपल्यापेक्षा लवकर पाठ होतो.

महिन्यांप्रमाणे काय ऐकाल

सप्टेंबरच्या उत्तरार्धात, म्हणजे गणपती होऊन गेलेले, पाऊस अजून गेलेला नसतो, तेव्हा पहिले कॉल. पहिल्या दिवसांत एखादा पक्षी दोन दिवस थांबून पुढे दक्षिणेला जातो, त्यामुळे झाडं बदलत राहतात. नवरात्र ते दिवाळी हद्दी ठरण्याचा काळ, शिकायला सगळ्यात चांगला, कारण बोलणं सतत चालू असतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या सकाळी ऊन झाडाच्या शेंड्यावर येईपर्यंत हालचाल कमी असते, उगाच सहाला उठून बसू नका, साडेसात-आठला ऊन पडलं की किडे हलतात आणि मग हाही हलतो. टेकडीवर या दिवसांत चष्मेवाले, सुभग, नाचण, निखार अशांची मिश्र टोळी फिरते आणि ती टोळी याच्या हद्दीतून गेली की हा तेवढ्यापुरता त्यांच्यात मिसळलेला दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलले की तिथेही बघा, फुलांवर किडे असतात.

आणि मार्च-एप्रिल. इतके महिने नुसतं "चि-स्वी" करणारा पक्षी एखाद्या सकाळी गायला लागतो. भराभर उतरत-चढत जाणारी बारीक तान, दोन-तीन सेकंदांची, लगेच संपणारी. बऱ्याच लोकांना वाटतं स्थलांतरित पक्षी इथे गातच नाहीत, गाणं तिकडे प्रजननाच्या ठिकाणी. हा जायच्या आधी इथे गातो. ऐकून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, फोन स्थिर धरायचा, बोलायचं नाही, निदान एक मिनिट.

हे गाणं जपून ठेवायला एक खास कारण आहे. हिरवट वटवट्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पोचलाय तो याच गाण्यामुळे. तिबेटच्या पठारावर झाडं नाहीत, म्हणून हा पठाराच्या भोवतीनं राहतो, दक्षिणेला हिमालय, पश्चिमेकडून मध्य आशियाच्या डोंगरांवरून वर, पूर्वेकडून चीनमधून वर, आणि दोन्ही बाजू सैबेरियात परत भेटतात. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ साली मांडलं की ही एकाच जातीची अंगठीसारखी साखळी आहे, शेजारी-शेजारी थोडा थोडा फरक, आणि सैबेरियात जिथे दोन टोकं भेटतात तिथे ती एकमेकांशी जोड्या लावत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी गाणी रेकॉर्ड करून हे तपासलं, त्यांचा निबंध २००१ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. हिमालयातलं गाणं छोटं आणि साधं, उत्तरेकडे जाल तसं दोन्ही बाजूंनी लांब आणि गुंतागुंतीचं होत जातं, पण दोन्हीकडे वेगवेगळ्या रीतीनं, इतकं की सैबेरियात पश्चिमेचा पक्षी पूर्वेच्या गाण्याला आपलं मानत नाही. २०१४ला त्यांच्या जनुकांचा बारकाईनं अभ्यास झाला आणि चित्र त्याहून गुंतागुंतीचं निघालं, मधल्या काळात साखळी तुटलीही होती आणि काही ठिकाणी मिसळणही झाली होती. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते, निसर्गाचं असंच असतं.

आपल्याकडे येतो तो पश्चिम बाजूचा, विरिडॅनस नावाच्या उपजातीचा. त्याचा पसारा पार फिनलंडपर्यंत आहे. तिथले इतर कितीतरी छोटे पक्षी थंडीत आफ्रिकेला जातात, हा मात्र आपल्याकडे येतो. तिकडे हा मॉसचं, छप्पर असलेलं घुमटीसारखं घरटं जमिनीवर किंवा उताराच्या कडेला करतो. आपण ज्याला झाडाच्या शेंड्यावरच बघतो तो घरटं मात्र मातीला टेकून बांधतो, हे कळल्यावर मला फार नवल वाटलं होतं.

काय करायचं नाही, आणि काय नक्की करायचं

मोबाईलवर कॉल वाजवून त्याला बोलावू नका. तो लगेच येईल, कारण त्याला वाटेल हद्दीत दुसरा घुसला, आणि मग तो खाणं सोडून शोधत बसेल. ८ ग्रॅमच्या पक्ष्याला दिवसभर खात राहावं लागतं, त्याची दहा मिनिटं फोटोसाठी घेऊ नका. दाणे टाकून उपयोग नाही, तो किडे खाणारा आहे. संध्याकाळी बागेला पाणी घालताना पाइपचा फवारा खालच्या फांद्यांवर मारा, ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करताना मी त्याला दोनदा बघितलंय.

सगळ्यात मोठा प्रश्न छाटणीचा. एका वर्षी जानेवारीत आमच्या गल्लीतल्या रेनट्रीच्या फांद्या एका दिवसात बुंध्यापर्यंत उतरवल्या गेल्या, विचारायला गेले तर गाडीवर पानं पडतात एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पक्षी पलीकडच्या आंब्याच्या हद्दीत होता आणि तिथला त्याला हाकलत होता, दिवसभर. त्यानंतर दोन आठवडे मला आमच्या बाजूला कॉल ऐकू आला नाही. हद्द धरून राहणाऱ्या पक्ष्याला भर हिवाळ्यात नवी जागा सहज मिळत नाही, आजूबाजूची झाडं आधीच धरलेली असतात.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोला, आणि आधी बोला, करवत आल्यावर नाही. शहरात झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, छाटायचं असलं तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो, हे बऱ्याच कमिटी मेंबरांना माहीत नसतं, शांतपणे सांगितलं तर ऐकतात. धोकादायक फांदी काढायलाच हवी, त्याला कुणाचीच ना नाही, पण सगळं झाड एकदम बोडकं करू नका, अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी, एवढं मागता येतं. घरटी असण्याच्या दिवसांत इथल्या पक्ष्यांचाही विचार करावा लागतो, त्यामुळे कुठलीही छाटणी करण्याआधी झाड नीट बघून घ्यायला सांगा. डासांचा धूर मारतात तोही झाडाखाली उभं राहून वर मारू देऊ नका, गटाराच्या बाजूला मारू द्या. मी आमच्या सोसायटीतल्या काकांना नकाशा दाखवला, टिंबांसकट. ते म्हणाले, "हे सगळं तू आपल्याच गेटवर बसून काढलंस?" त्यानंतर छाटणीच्या आधी मला फोन येतो.

काचेला आपटून खाली पडलेला दिसला तर घाबरू नका. हलक्या हातानं उचलून बुटाच्या खोक्यात ठेवा, आत सुती कापड, झाकणाला भोकं, अंधार आणि शांतता. पाणी पाजू नका, खायला घालू नका, मुलांना दाखवायला सारखं उघडू नका. तास-दीड तासाने झाडाखाली नेऊन खोकं उघडा, धक्का बसलेला असेल तर उडून जातो. नाही उडाला, किंवा पंख लटकतोय असं दिसलं तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे किंवा वन विभागाकडे द्या. घरी ठेवायचा विचार मनातही आणू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही आणि तो पिंजऱ्यात जगणारही नाही.

राहिली एप्रिलची गोष्ट. आल्याची तारीख पकडणं सोपं, कारण आवाज नवीन असतो. गेल्याची तारीख कुणालाच लागत नाही, कारण शेवटचा कॉल शेवटचा आहे हे त्या दिवशी माहीत नसतं. त्यासाठी १० एप्रिलपासून रोज ऐकायचं, एकही दिवस न चुकवता, आणि "हो" किंवा "नाही" लिहायचं. सलग दहा "नाही" आले की मागे जाऊन शेवटच्या "हो"वर गोल करायचा. यंदाचा माझा गोल २१ एप्रिलवर आहे, सकाळी ६ वाजून ५० मिनिटं, रेनट्रीचा रस्त्याकडचा शेंडा, तीन कॉल, आणि मधे एकदा गाणं.